जुन्या वेस्टर्न कादंबऱ्यांची ई-बुकं: किती पैसे मोजावेत आणि कशासाठी

घोडे, धूळ, शेरीफ, गुरांचे कळप, पाण्याच्या हक्कावरून पेटलेली भांडणं आणि शेवटी भर रस्त्यात समोरासमोर उभे राहिलेले दोघं, हा प्रकार मला भयंकर आवडतो आणि हल्ली मी तो फक्त ई-रीडरवरच वाचतो, त्यामुळे त्याच्या किमतींवरून डोकं बरेच दिवस तापलेलं आहे. तर हा एका पुस्तकाचा रिव्ह्यू नाही, अख्ख्या मालाचा आहे. ई-बुकच्या स्टोअरमध्ये झेन ग्रे या जुन्या वेस्टर्न लेखकाचं नाव टाकून बघा. एकच कादंबरी फुकट दिसेल, ९९ सेंटला दिसेल, २.९९ डॉलरला दिसेल, अजून खाली स्क्रोल केलं की त्याहून महागही सापडेल, आणि कव्हरवर सगळीकडे तोच सूर्यास्त नि तोच पाठमोरा टोपीवाला. यातली नेमकी कुठली घ्यायची आणि बाकीचे लोक पैसे कशाचे मागतायत हे कुठेच लिहिलेलं नसतं.

माझा हिशोब सरळ आहे. गोष्ट जुनी आहे, ती केव्हाच लिहून झालीय. आज मी पैसे देतो ते दोनच गोष्टींचे, एक म्हणजे ती फाइल नीट वाचता यावी म्हणून कोणी मेहनत घेतली असेल तर त्याची मजुरी, आणि दुसरं म्हणजे लेखक किंवा त्याच्या घरचे अजून हक्कदार असतील तर त्यांचा वाटा. दोन्हीपैकी काहीच नसेल तर ९९ सेंटसुद्धा जास्तच झाले. दोन्ही असेल तर पाच डॉलर द्यायला मी खळखळ करणार नाही. त्याच्या वर गेलं की मात्र विचारणार, बाबा रे, कशाचे?

आता कोणी म्हणेल पाचच का, दहा का नाही. तर त्यासाठी हा माल आधी कसा विकला जायचा ते बघायला लागतं. १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या बीडल मंडळींनी डाइम नॉव्हेल काढली, डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं, किंमतही तीच आणि नावही त्यावरूनच पडलं. मग पल्प मासिकांचा जमाना आला, लगद्याचा खरबरीत कागद नि क्रमशः कादंबऱ्या. १९३९ ला पॉकेट बुक्सने २५ सेंटचं पेपरबॅक आणलं, १९५० ला फॉसेटच्या गोल्ड मेडलने तर थेट पेपरबॅकमध्येच नव्या कोऱ्या कादंबऱ्या छापायला सुरुवात केली, किंमत तीच २५ सेंट, आणि त्यात वेस्टर्न भरपूर होत्या. महागाई धरली तर १९३९ चे २५ सेंट म्हणजे आजचे साधारण पावणेसहा डॉलर आणि १९५० चे म्हणजे सव्वातीन डॉलरच्या आसपास. म्हणजे बघा हां, कागद, शाई, छपाई, गोदाम, ट्रक, दुकानदाराचं कमिशन, न खपलेल्या प्रतींचा तोटा, एवढं सगळं पोटात घेऊन ते पुस्तक आजच्या सव्वातीन ते सहा डॉलरमध्ये लोकांच्या हातात पडत होतं आणि लेखकालाही त्यातून चार पैसे सुटत होते. मग यातलं काहीच नसलेल्या फाइलला नऊ-दहा डॉलर हे गणित मला काही केल्या झेपत नाही.

प्रकाशकांचं यावर उत्तर ठरलेलं असतं, की कागद-छपाईचा खर्च किमतीत तसा थोडाच असतो, खरा खर्च संपादन, कव्हर, जाहिरात आणि लेखकाच्या ॲडव्हान्सचा. नव्या पुस्तकाबाबत मान्य, एकदम मान्य. पण १९५३ च्या कादंबरीचं संपादन १९५३ मध्येच झालंय ना भाऊ, ॲडव्हान्स तेव्हाच दिला, तेव्हाच वसूल झाला, आणि जाहिरात म्हणाल तर कोणी केलेली मी तरी पाहिलेली नाही.

आधी फुकटवाल्यांचं बघू, कारण अर्ध्याहून जास्त लोकांना हे माहीतच नसतं. अमेरिकेत जुन्या प्रकाशित पुस्तकाचा कॉपीराइट छापल्यापासून ९५ वर्षं, त्यामुळे २०२६ च्या १ जानेवारीपासून १९३० पर्यंत छापलेलं सगळं खुलं झालंय. दरवर्षी एक वर्ष पुढे सरकतं. १९९८ च्या कायद्याने हे घड्याळ वीस वर्षं बंद करून ठेवलं होतं, २०१९ पासून परत चालू झालं. म्हणजे ओवेन विस्टरची 'द व्हर्जिनियन' (१९०२), बी. एम. बॉवरची 'चिप ऑफ द फ्लाइंग यू' (१९०६, आणि हो, बॉवर ही बाई होती, बऱ्याच जणांना अजूनही बाप्या वाटतो), झेन ग्रेची 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' (१९१२), मॅक्स ब्रँडच्या सुरुवातीच्या, अगदी १९३० ची 'डेस्ट्री राइड्स अगेन' सुद्धा, या सगळ्यांवर आता तिथे कोणाचाही हक्क नाही. ज्यांच्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांचा नियम आहे तिथे झेन ग्रे १९३९ ला गेला म्हणून त्याचं हयातीत आलेलं सगळं आणि मॅक्स ब्रँड १९४४ ला इटलीत युद्ध वार्ताहर म्हणून मारला गेला म्हणून त्याचं बरंचसं आधीच मोकळं झालंय.

यातली बरीच पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या साइटवर फुकट पडलेली आहेत. १९७१ पासून चालू असलेलं काम आहे ते, आणि मागे स्वयंसेवकांची फौज असते जी पान पान स्कॅनशी ताडून बघते. दिसायला साधं असतं, कव्हर यथातथा, पण मजकूर बहुतेक वेळा ९९ सेंटवाल्यांपेक्षा स्वच्छ, कारण ९९ सेंटवाल्यांनी तो तिथूनच उचललेला असतो आणि उचलताना बिघडवलेला असतो. याच्याही वर हवं असेल तर स्टँडर्ड ईबुक्स. ते लोक फुकटच देतात पण टायपोग्राफी, अवतरण चिन्हं, प्रकरणांच्या लिंका, सगळं इतकं नेटकं की मोठ्या प्रकाशकांनी लाजावं. सगळ्या वेस्टर्न तिथे मिळणार नाहीत, जे आहे ते मात्र डोळे झाकून घ्या.

मग ९९ सेंटवाले नक्की विकतात काय? ॲमेझॉनचा नियम असा आहे की कॉपीराइट संपलेल्या पुस्तकाची फुकट आवृत्ती त्यांच्या स्टोअरमध्ये असेल तर तुम्हाला तीच वस्तू तशीच विकायला टाकता येत नाही, काहीतरी वेगळं करायला लागतं, म्हणजे स्वतःचा अनुवाद किंवा टिपा किंवा मग किमान दहा वेगळी चित्रं. आता कळलं का की प्रत्येक जुन्या कादंबरीच्या नावापुढे 'सचित्र' का असतं? टिपा लिहायला डोकं लागतं, अनुवादाला वेळ लागतो, चित्रं काय कुठूनही उचलून चिकटवता येतात. मी एका आवृत्तीत ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या पाठलागाच्या प्रकरणात चक्क समुद्रकिनाऱ्याचं चित्र पाहिलंय. यावर त्यांना रॉयल्टी ३५ टक्केच मिळते, म्हणजे ९९ सेंटमागे ३५ सेंट, म्हणून मग तेच लोक शेकड्याने पुस्तकं टाकतात, कुठलंही उघडून वाचलेलं नसतं. एक स्टार, तोही कव्हरवर घोडा बरोबर निघाला म्हणून.

पण सगळेच चोर नाहीत हेही सांगायला पाहिजे. कॉपीराइट संपलेल्या पुस्तकाचे पैसे मागणं यात गैर काही नाही, काम केलं असेल तर मागा की. उदाहरणार्थ झेन ग्रेची 'द व्हॅनिशिंग अमेरिकन'. आधी मासिकात क्रमशः आली, अमेरिकेतला मूळ रहिवासी (रेड इंडियन) हिरो आणि गोरी हिरोइन यावरून वादंग झालं आणि १९२५ च्या पुस्तकात शेवट बदलून हिरोला मारून टाकलं. लेखकाच्या मनातला शेवट कित्येक दशकांनी नंतरच्या आवृत्तीत परत आला. तुम्ही १९२५ चं फुकट उतरवाल तर तुम्हाला बदललेला शेवट मिळणार. हस्तलिखित आणि मासिकाचे अंक धुंडाळून मूळ मजकूर उभा करणं हे खरं काम आहे, त्याला मी पाच काय सहा डॉलरही देईन. फक्त मग विकणाऱ्याने माहितीत स्पष्ट लिहावं की हा कुठला मजकूर आहे, नुसतं 'संपूर्ण आवृत्ती' असं ठोकून देऊ नये, कारण अर्धवट आवृत्ती आहे असं आजवर कोणी लिहिलेलं नाही.

आता येतो खऱ्या दुखण्याकडे, म्हणजे १९४० ते १९७० च्या मधल्या कादंबऱ्या. यांचा कॉपीराइट बहुतेक जिवंत आहे (काहींचा नूतनीकरण न केल्यामुळे आधीच गेलाय, पण ते एकेक तपासत बसावं लागतं). लुई लामूरची 'होंडो' १९५३ ची, म्हणजे २०४८ संपेपर्यंत तिचा कॉपीराइट आहे. हा काळ म्हणजे या प्रकाराची खरी बहार, दोन संध्याकाळीत संपणारी, दीडशे-पावणेदोनशे पानांची घट्ट बांधलेली पुस्तकं, एक वाक्य फालतू नाही. आणि नेमक्या इथेच किमती वेड्यासारख्या आहेत आणि नेमक्या इथेच फाइली सगळ्यात वाईट आहेत.

वाईट का, तर या पुस्तकांची कॉम्प्युटरवरची मूळ फाइल कधी नव्हतीच. टाइपरायटरवर लिहिलेली, शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली, स्वस्त कागदावर छापलेली. आज ई-बुक करायचं म्हणजे कुठून तरी जुनं पेपरबॅक मिळवायचं, पानं स्कॅन करायची आणि ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने, मजकूर काढायचा. इंग्रजीत आर आणि एन शेजारी आले की फिकट छपाईत ते एकमेकांना चिकटतात आणि मशीनला तिथे एम दिसतो. आता वेस्टर्नमध्ये बार्न, बर्न, हॉर्न, कॉर्नर, मॉर्निंग यांच्याशिवाय पान हलत नाही. मग होतं काय, तर हिरो 'मॉमिंग'ला उठतो, घोडा 'बॅम'मध्ये बांधतो, सलूनमध्ये जाऊन 'कोमर'मधलं टेबल पकडतो आणि व्हिलन येऊन तुझं रँच 'बम' करीन म्हणून दम देतो. पहिल्यांदा हसू येतं. चाळीसाव्या पानापर्यंत वैताग येतो. आणि स्पेलचेकरला यातलं निम्मं सापडत नाही कारण 'बम' हा त्याच्या लेखी शुद्ध शब्द आहे.

उलट जे चुकीचं दिसतं ते इथे बरोबर असतं! काउबॉयची बोली लेखकाने मुद्दाम मोडून लिहिलेली असते, शेवटची अक्षरं गिळलेली, शब्द आखडलेले, मेक्सिकन पात्रांच्या तोंडी स्पॅनिश. ऑटोमॅटिक दुरुस्ती लावली की ती बोली सरळ होते आणि गुराखी एकदम शाळामास्तरासारखा बोलायला लागतो. म्हणजे या पुस्तकांना माणसानेच बसून, मूळ छापील पान शेजारी ठेवून वाचायला पाहिजे, दुसरा इलाज नाही. तीन-चार दिवसांचं काम आहे हो एका जाणकार माणसाचं. तेवढं करा आणि मागा पाच डॉलर, मी देतो.

अजून एक छळ म्हणजे प्रसंग बदलताना सोडलेली मोकळी ओळ. छापील पुस्तकात एक ओळ रिकामी सोडली की वाचणाऱ्याला कळतं की आता जागा बदलली. फाइल करताना ती ओळ उडते. मग जखमी हिरो दरीत दगडाआड पालथा पडलेला असतो आणि पुढच्याच वाक्यात कोणीतरी त्याच्यासमोर कॉफीचा कप ठेवतं, आपण परत मागे जाऊन वाचतो की मधलं पान राहिलं की काय. हे मी एका नावाजलेल्या प्रकाशनाच्या, भक्कम किमतीच्या ई-बुकात पाहिलंय, कुठल्या फुटकळ अपलोडरच्या नाही. नाव सांगत बसत नाही पण चीड येतेच ना. पैसे घेतलेत तर निदान एकदा उघडून तरी बघा.

किंमत कोण ठरवतं यावरही लोकांचा गोंधळ असतो. स्टोअरला शिव्या घालणारे एक स्टारचे रिव्ह्यू ढिगाने दिसतात. पण मोठ्या प्रकाशकांच्या पुस्तकाची किंमत प्रकाशकच ठरवतो, २०१० पासून ती पद्धत आली. त्याआधी २००७ ला किंडल आलं तेव्हा ॲमेझॉनने बेस्टसेलर ९.९९ ला लावले होते, प्रकाशकांना ते स्वस्त वाटलं, ॲपलच्या साथीने त्यांनी एजन्सी पद्धत (किंमत प्रकाशक ठरवणार, दुकानाला नुसतं कमिशन) आणली, २०१२ ला अमेरिकन सरकारने ॲपल आणि पाच प्रकाशकांवर खटला भरला, प्रकाशकांनी तडजोड केली, ॲपल २०१३ ला हरलं आणि पुढे ४५ कोटी डॉलरची तडजोड त्यांना भरावी लागली. एवढं रामायण झालं आणि शेवटी किंमत ठरवायचा हक्क घुमून फिरून प्रकाशकाकडेच आला. तेव्हा नवीन बेस्टसेलरसाठी ज्याच्यावरून भांडण पेटलं तो ९.९९ चा आकडा आज सत्तर वर्षं जुन्या पावणेदोनशे पानांच्या पुस्तकाला लावलेला दिसला की काय बोलावं कळत नाही.

बरं ते पैसे लेखकाच्या घरी जातायत असं असतं तर मी गप्प बसलो असतो. हिशोब करा. ९.९९ मधले साधारण ७० टक्के प्रकाशकाला, म्हणजे सात डॉलर. मोठ्या प्रकाशकांकडे ई-बुकवर लेखकाला सर्वसाधारणपणे मिळतात ते त्या हातात आलेल्या रकमेच्या २५ टक्के, म्हणजे पावणेदोन डॉलरच्या आसपास. आता समजा वारसांनी हक्क परत घेऊन स्वतःच पुस्तक २.९९ ला टाकलं. ॲमेझॉनवर २.९९ ते ९.९९ च्या पट्ट्यात ७० टक्के रॉयल्टी मिळते, म्हणजे २ डॉलर ९ सेंट, त्यातून फाइल पाठवायचे काही सेंट जातात कारण नुसत्या मजकुराची फाइल असते केवढी. म्हणजे वाचणारा एक तृतीयांश पैसे देतोय आणि घरच्यांना मिळतायत जास्त! हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हापासून महागड्या किमतीच्या मागे 'लेखकाला न्याय' वगैरे लावलं की मी ऐकूनच घेत नाही. (स्वतः टाकायचं म्हणजे स्कॅन, प्रूफ, कव्हर सगळं स्वतःच्या खिशातून, हे खरंय. पण तो एकदाचा खर्च आहे.)

आणि वारसांना हक्क मिळू शकतात हे काही हवेतलं नाही. जुन्या करारांमध्ये ई-बुक हा शब्दच नव्हता, कसा असणार. २००१ मध्ये रँडम हाउसने रोझेटा बुक्सवर खटला भरला की आमच्याकडे या पुस्तकांचे हक्क आहेत, तुम्ही ई-बुक काढताच कसे, आणि कोर्टाने सांगितलं की करारात पुस्तक रूपात छापण्याचा हक्क दिलाय त्यात ई-बुक येत नाही, २००२ ला वरच्या कोर्टानेही मनाई हुकूम द्यायला नकार दिला. पण प्रत्येक कराराची भाषा वेगळी. २०१४ ला ओपन रोड हे ई-बुक प्रकाशन आणि जुने प्रकाशक हार्परकॉलिन्स यांच्या भांडणात उलटं झालं, १९७१ च्या करारात इलेक्ट्रॉनिक साधनांचा उल्लेख सापडला आणि हार्परकॉलिन्स जिंकलं. म्हणजे एकाच लेखकाची दहा पुस्तकं तीन वेगळ्या प्रकाशकांकडे तीन वेगळ्या किमतींना का दिसतात त्याचं उत्तर हे आहे. मालिकेतलं पहिलं १.९९, दुसरं ७.९९, तिसरं ई-बुकमध्ये नाहीच. वाचणाऱ्याने काय करायचं, दुसरं सोडून चौथ्यावर उडी मारायची?

अजून एक गोष्ट किमतीत धरलीच पाहिजे, ती म्हणजे आपल्या हातात नक्की काय येतं. छापील पुस्तक घेतलं की ते आपलं, वाचून झालं की विका, कोणाला द्या. याचा मूळ खटला किमतीवरूनच आहे, फार मजेशीर आहे. बॉब्स-मेरिल प्रकाशनाने एका कादंबरीत छापलं होतं की हे पुस्तक एक डॉलरच्या खाली कोणी विकायचं नाही, मेसीज दुकानाने ते ८९ सेंटला विकलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९०८ मध्ये कोर्ट म्हणालं एकदा विकलंत ना, मग पुढची किंमत ठरवायचा हक्क तुम्हाला नाही. त्यामुळेच वेस्टर्नची जुनी पेपरबॅकं आजपर्यंत हातोहात फिरत राहिली. ई-बुकात हे काही नाही. तुम्ही विकत घेता ते लायसन्स, कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून दुकानदाराला हे स्पष्ट सांगणं बंधनकारक केलंय. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोयही बंद झाली. म्हणजे कमी हक्क, परत विक्री नाही, उसनं द्यायचं नाही, आणि किंमत पेपरबॅकएवढी किंवा वर? ई-बुक पेपरबॅकपेक्षा महाग असेल तर मी तिथेच पान बंद करतो, पुस्तक कितीही भारी असो.

चांगलं उदाहरणही देतो नाहीतर म्हणाल नुसती रडारड. लुई लामूर १९८८ ला गेला, त्याच्या मुलाने २०१७ पासून 'लॉस्ट ट्रेझर्स' नावाने एक काम चालवलं, त्यात जुन्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांना शेवटी टिपण जोडलंय, ती गोष्ट कशी लिहिली गेली, मसुदे, पत्रं, वडिलांच्या डोक्यात काय चाललं होतं वगैरे. हे वाचायला मजा येते आणि हे दुसरं कोणी देऊच शकत नाही. माझ्या डोळ्यांपुढे योग्य ई-बुकचा नमुना म्हणजे हाच, घरचे गुंतलेले, मजकूर स्वच्छ, आणि जुन्या पेपरबॅकात नसलेलं काहीतरी जास्तीचं. याला चार-पाच डॉलर एकदम वाजवी.

संग्रहांचं म्हणाल तर जपून. मॅक्स ब्रँड हे टोपणनाव, खरं नाव फ्रेडरिक फाउस्ट, आणि अशी त्याची डझनभराहून जास्त टोपणनावं. मासिकात एका नावाने आलेली मालिका पुस्तकात दुसऱ्या नावाने, मग नंतरच्या पेपरबॅकात तिसऱ्या, त्यामुळे 'दहा कादंबऱ्या एकत्र, फक्त ३.९९' असं दिसलं की त्यातली तीन तुमच्याकडे वेगळ्या नावाने आधीच असण्याची शक्यता दांडगी. सँपल उतरवा, पहिली ओळ वाचा, आधीच्या पुस्तकांशी ताडून बघा. उलट्या बाजूने, पंधरा-वीस पानांची सुटी कथा कादंबरी म्हणून १.९९ ला विकणारेही आहेत, पानसंख्या बघितल्याशिवाय बटण दाबू नका.

पानावर किंमत ठरवावी असं माझं म्हणणं नाही हां. लॅरी मॅकमर्ट्रीची 'लोनसम डव्ह' आठशेच्या वर पानं आहे, १९८६ चं पुलित्झर मिळालेलं पुस्तक, ती महिनाभर पुरते, आणि दीडशे पानी झणझणीत कादंबरी दोन दिवसांत संपते, म्हणून दुसरीला पाचपट स्वस्त करा असं कोणी म्हणत नाही. पण वेस्टर्न वाचणारा माणूस एक वाचून थांबत नाही, तो एकामागून एक वाचतो, आणि म्हणूनच ती २५ सेंटला विकली जायची. ८.९९ ला एक विकण्यापेक्षा २.९९ ला चार विकल्या जातील हे न कळण्याइतके हे लोक भोळे आहेत का? मला वाटतं त्यांना पर्वाच नाही, जुनी यादी आहे, किंमत एकदा टाकली, परत कोणी बघितलंच नाही.

स्टार द्यायचे तर असे. स्वयंसेवकांच्या फुकट आवृत्त्या, पाच. वारसांनी किंवा छोट्या जाणत्या प्रकाशकांनी मनापासून काढलेल्या ३ ते ५ डॉलरच्या, साडेचार, अर्धा कापला कव्हरसाठी. मोठ्या प्रकाशकांच्या महागड्या बॅकलिस्टला, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या यादीला, दोन, आणि त्यात मॉमिंग-बॅम सापडलं तर एक. 'सचित्र' वाल्यांचं वर सांगितलंच.

नवीन कोणाला सुरू करायचं असेल तर आधी 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' फुकट उतरवा, सुरुवातीला वर्णनं लांब वाटतील, चालवून घ्या. आवडलं तर मग लामूरची टिपणवाली आवृत्ती सेलमध्ये गाठा, अशी जुनी पुस्तकं अधूनमधून १.९९-२.९९ ला येतात, विशलिस्टमध्ये टाकून ठेवली की झालं. लायब्ररीचं कार्ड असेल तर लिब्बी या लायब्ररीच्या ई-बुकांच्या ॲपवर आधी शोधा, मधल्या काळातल्या बऱ्याच तिथे मिळून जातात, वाट बघायची तयारी ठेवा. आणि ७ डॉलरच्या वर काहीही घेण्याआधी सँपलमधलं दुसरं प्रकरण नीट वाचा, पहिलं नको, पहिलं बहुतेक कोणीतरी तपासलेलं असतं.